जागा किती लागेल, आधी सांगा

लॅपटॉपवर फाइल ठेवताना तिला किती जागा लागेल, असं कोणी विचारत नाही. मेनफ्रेमवर पहिला प्रश्न तोच. जॉबच्या सूचना ज्या भाषेत लिहितात त्या जेसीएलमध्ये ‘स्पेस’ लिहायची: सुरुवातीला इतके सिलिंडर, कमी पडले तर दर खेपेला आणखी इतके. साध्या फाइलला एका व्हॉल्यूमवर, म्हणजे एका डिस्कवर, १६ तुकडे मिळतात. तेही भरले की जॉब ‘बी-३७’ म्हणत पडतो. दुसरा आकडा लिहायलाच विसरलात, तर ‘डी-३७’. पुण्यात बसून परदेशी बँकांच्या रात्री सांभाळलेल्या कुणालाही झोपेतून उठवून हे विचारा, बरोबर सांगेल.

ही शिस्त जागेच्या टंचाईतून आली. १९५६ साली आयबीएमच्या रॅमॅक यंत्राच्या ५० तबकड्यांत मिळून ५० लाख अक्षरं मावत, आणि धूड टनभर वजनाचं. १९८९ च्या ३३९० डिस्कवर एका ट्रॅकला ५६,६६४ बाइट आणि १५ ट्रॅकचा एक सिलिंडर. त्या तबकड्या केव्हाच भंगारात गेल्या. आज कपाटात फ्लॅश असते, पण ती ३३९०चं सोंग घेऊन उभी राहते आणि आम्ही सिलिंडरच मागतो. माझे आजोबा शेवटपर्यंत आण्यांत हिशेब करायचे, तसंच.

लॉगचं दुखणं वेगळं. फाइल मागून घ्यावी लागते, लॉग आपोआप वाढतो. कोणत्या जॉबने किती यंत्रवेळ खाल्ला, कोणती फाइल कोणी उघडली, याची नोंद एसएमएफ ठेवतं. एक डेटासेट भरला की ते दुसऱ्यावर जातं. भरलेला टेपवर उतरवून मग रिकामा करायचा, हा क्रम मोडायचा नाही. उतरवणारा जॉब अडकला आणि सगळेच भरले, तर पुढच्या नोंदी हरवतात.

जॉबचं आउटपुट जिथे साठतं ती स्पूल भरणं त्याहून वाईट. एका गिऱ्हाइकाकडे चाचणीचा एक प्रोग्राम रात्री फेऱ्यात अडकला आणि एकच ओळ छापत सुटला. ८० टक्क्यांवर इशारा आला. कन्सोलवरच्या गर्दीत तो वर सरकून गेला. मी लॉगऑन करायला गेलो तर जमेना, कारण लॉगऑनलाही स्पूलमध्येच जागा लागते. झाडायला आलेल्यालाच दार बंद! शेवटी ऑपरेटरने कन्सोलवरून त्या जॉबचं आउटपुट उडवलं तेव्हा आत शिरता आलं.

न वापरलेल्या फाइली आवरणारी यंत्रणा एचएसएम. ते त्या आधी दाबून बसवतं, मग टेपवर धाडतं. कॅटलॉगमध्ये व्हॉल्यूमच्या जागी ‘मायग्रॅट’ दिसतं, आणि कोणी हात लावला की फाइल परत येते. इथे एक गंमत होती. फाइल उडवायला आम्ही आयईएफबीआर१४ वापरतो. हा काहीच न करणारा प्रोग्राम; उडवायचं काम जेसीएलमधल्या सूचनेनेच होतं. मूळचा एका सूचनेचा. त्यातही चूक निघाली, रिटर्न कोड शून्य करायचा राहिला होता, म्हणून दुसरी सूचना घातली. काहीच न करणारा प्रोग्राम दुप्पट झाला! तर याच्याकरवी टेपवरची फाइल उडवायची, तर यंत्रणा ती आधी टेपवरून डिस्कवर आणी आणि मग पुसून टाकी. २००९ च्या झेड/ओएस १.११ मध्ये न आणताच उडवायची सोय झाली.

मला विचाराल तर सर्वांत शहाणी व्यवस्था जीडीजीची, म्हणजे एकाच फाइलीच्या ओळीने पिढ्या ठेवण्याची. सात पिढ्या ठेवायच्या ठरवल्या की आठवी आली, पहिली गेली. कोणाला विचारायला नको. बाकी ठिकाणी मुदत माणसाने लिहायची, आणि माणूस ९९३६५ लिहून मोकळा व्हायचा. म्हणजे १९९९ सालचा ३६५ वा दिवस, आमच्या भाषेत ‘कधीच नाही’. शतक संपत आलं तसा तो दिवस खरोखरच समोर येऊन ठेपला. मशीनला मात्र ही तारीख म्हणजे कायमची मुदत, असंच शिकवलेलं होतं.

त्यामुळे पुसण्याची आज्ञा एका ओळीची असली, तरी ‘पुसा’ म्हणणारा शोधण्यात महिने जातात. मागे मी जुन्या फाइलींची यादी काढून मालकांना मेल धाडले. निम्म्यांनी ‘असू दे’ कळवलं. एका मोठ्या फाइलीच्या मालकाला धाडलेला मेल परत आला. तो नोकरी सोडून गेला होता. त्याच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, “कशाची आहे?” मी म्हटलं, तेच तर विचारतोय. फाइल अजून टेपवर आहे.