पेट्रोल घेणाऱ्या गाडीची वायरिंगही तपासा

नवी मुंबईत सीवूड्समधल्या जुन्या सोसायट्यांत स्टिल्टखाली कव्हर घातलेली एखादी मारुती ८०० किंवा सँट्रो अजून दिसते. मालकाचा गाडीवर जीव असतो, १५ वर्षं भरल्यावर नोंदणी पुढच्या पाच वर्षांसाठी वाढवून घेतलेली असते. पहिल्या चावीत इंजिन सुरू झालं की गाडी ठणठणीत आहे असं आपण धरून चालतो. पण तांब्याच्या वायरींचं म्हातारपण इंजिनाच्या आवाजात ऐकू येत नाही.

त्यातून ही वस्ती खाडीकाठची. पामबीच मार्गापलीकडे खारफुटी, हवेत बारमाही ओल आणि मीठ. बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट थर चढतो, टेप मारलेल्या जॉइंटमधलं तांबं काळं पडतं. उभ्या गाडीत उंदीर शिरले तर वायरीचं आवरण कुरतडून उघडं तांबं मागे ठेवतात. तिथं बॉडीचा स्पर्श झाला की शॉर्टसर्किट. बारा व्होल्टची बॅटरी दिसायला गरीब, पण शॉर्ट झाल्यावर शेकडो अँपिअर सोडते.

अशा वेळी फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. हॉर्न किंवा पंखा वाचला तर तो वरचा फायदा. म्हणून १० अँपिअरचा लाल फ्यूज वारंवार उडतो म्हणून तिथं २०चा पिवळा घालणं, किंवा आडरस्त्यावर सिगारेटच्या पाकिटाची चांदी गुंडाळणं हा सरळसरळ घात आहे. आता फ्यूजच्या आधी वायर वितळेल. फ्यूज पुन्हा पुन्हा उडतोय म्हणजे पुढे दोष आहे, तो शोधलाच पाहिजे.

मात्र फ्यूज योग्य असला तरी एका धोक्यापुढे तो हतबल असतो, आणि हे फारसं कुणी सांगत नाही. मूळ ६०/५५ वॅटचे दिवे काढून १००/९० वॅटचे बसवले, तर हाय बीमला दोन दिव्यांना मिळून दहाऐवजी सुमारे १६ अँपिअर लागतात. दोन्ही बाजूंना वेगळे फ्यूज असतील, तर प्रत्येकावर आठच्या आसपास भार, त्यामुळे १०चा फ्यूज गप्प राहतो. पण दोन्ही दिव्यांच्या सामाईक वाटेवर गंजलेला जॉइंट असेल आणि त्याचा रोध फक्त ०.१ ओहम धरला, तर तिथं १६चा वर्ग गुणिले ०.१, म्हणजे सुमारे २५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची छोटी सोल्डरिंग आयर्न तेवढ्याच वॅटची असते. ती प्लास्टिकच्या आवरणाला टेकवून ठेवल्यावर काय होईल, ते सांगायला नको.

मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत संपल्यावर सेवेतून बाद झाली. खासगी गाडीला महाराष्ट्रात तशी ठरलेली अखेर नाही. नूतनीकरणाच्या वेळी दिवे, हॉर्न, ब्रेक पाहिले जातात, पण डॅशबोर्डखालची वायरिंग उघडून पाहायची ती मालकानंच.

पावसाळ्याआधी चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे अर्धा दिवस गाडी ठेवा. फ्यूजबॉक्सच्या झाकणावरच्या तक्त्याशी प्रत्येक फ्यूज ताडून घ्या. म्युझिक सिस्टिम, फॉग लॅम्प यांच्या वायरी थेट बॅटरीवरून आल्या असतील, तर बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. जादा दिव्यांना रिले हवा. पत्र्यातून वायर जाते तिथलं रबरी ग्रोमेट फुटलं असेल तर बदला. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

चालत्या गाडीत जळका वास किंवा धूर आला, तर बाजूला घ्या, चावी बंद करा, सगळ्यांना उतरवून लांब न्या आणि १०१ला फोन करा. बॉनेट सताड उघडू नका. आत हवा मिळाली की आग भडकते.