टिश्यूच्या रोपाला ‘व्हायरस-फ्री’ कोण ठरवतं? विद्यापीठाच्या प्रयोगशाळेतली तपासणी समजून घ्या

रावेर : मृगबागेची लागवड होऊन महिना-दीड महिना झाला, आभाळ दाटलेलं राहिलं आणि पावसाची झिमझिम सुरू झाली की रावेर-यावल पट्ट्यात एकच धास्ती असते. पानावर पिवळे पट्टे तर दिसत नाहीत ना? पट्टे दिसले, पान आकसलं, पोंगा सडू लागला की शेतकरी ओळखतो, ‘हरण्या’ आला. शास्त्रीय भाषेत हा कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही. यावर औषध नाही. रोप उपटायचं आणि बागेबाहेर नेऊन नष्ट करायचं, एवढंच हातात उरतं. सहा बाय पाच फुटांवर लागवड केली तर एकरी १,४५२ रोपं बसतात. त्यातली शे-दोनशे उपटावी लागली तर रोपाचे पैसे, खत, मजुरी तर जातेच, पण नांग्या भरल्या तरी बाग मागे-पुढे होते आणि कटाई लांबते.

मग वाद सुरू होतो. शेतकरी म्हणतो, रोग रोपातूनच आला. कंपनी म्हणते, आमचं रोप तपासलेलं होतं, रोग तुमच्या शेतातल्या माव्याने आणला. या वादात ‘तपासलेलं’ हा शब्द वारंवार येतो. ही तपासणी कोण करतं, कशाची करतं आणि तिची हद्द कुठे संपते, हे रोपं बुक करण्याआधीच माहीत असलेलं बरं.

टिश्यू म्हणजे निरोगी, हा गैरसमज

पूर्वी कंद लावायचे. आता चांगल्या मातृझाडाच्या मुनव्याचा कोंब घेऊन तो निर्जंतुक करतात आणि बाटलीत साखर, क्षार व संप्रेरकं घातलेल्या माध्यमावर वाढवतात. जगभर वापरलं जाणारं हे माध्यम मुराशिगे आणि स्कूग या दोन शास्त्रज्ञांनी १९६२ मध्ये मांडलं. एका कोंबाचे अनेक कोंब होतात, ते वेगळे करून पुन्हा नव्या बाटलीत लावतात. शेवटी मुळं फुटली की रोप बाहेर काढून आधी कोकोपीटच्या ट्रेमध्ये आणि नंतर शेडनेटमध्ये पिशवीत वाढवतात. यालाच हार्डनिंग म्हणतात.

या पद्धतीत बुरशी आणि जिवाणू बरेचसे गळून पडतात, पण विषाणू आपोआप जात नाही. तो पेशीच्या आत असतो. मातृझाडात विषाणू असेल तर बाटलीत रोपांबरोबर तोही वाढतो. कंदातून रोग एका-दोन शेतात गेला असता, तोच टिश्यूतून हजारो रोपांमार्फत पाच-पन्नास गावांत जाऊ शकतो. म्हणून पहिली तपासणी मातृझाडाची.

विद्यापीठाकडेच का?

मोठ्या कंपन्यांकडे स्वतःच्या लॅब असतात. पण ज्याचा माल त्याचाच काटा असेल तर वजनावर विश्वास कोण ठेवणार? शिवाय लहान कंपन्यांना महागडी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं परवडत नाहीत. म्हणून केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यूकल्चर रोपांसाठी राष्ट्रीय प्रमाणीकरण व्यवस्था सुरू केली. तिला आधार बियाणे कायदा १९६६ चा आहे. यात कंपनीच्या उत्पादन केंद्राला मान्यता मिळते, तर रोपांचे नमुने अधिकृत चाचणी प्रयोगशाळेत तपासले जातात. अशा प्रयोगशाळा विद्यापीठं आणि संशोधन संस्थांमध्ये आहेत. कंपनी फी भरते, प्रयोगशाळा अहवाल देते, अहवाल स्वच्छ असेल तर त्या बॅचला प्रमाणपत्र आणि लेबल मिळतं.

चाचणी ही विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान केंद्राची एक सेवा झाली. कंपन्यांच्या तंत्रज्ञांना प्रशिक्षण देणं, फी घेऊन यंत्रं वापरू देणं, एखाद्या अडचणीवर करार करून संशोधन करणं आणि विकसित केलेलं तंत्रज्ञान परवान्यावर देणं, हीसुद्धा कामं अशी केंद्रं करतात. आपल्या राज्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात राज्यस्तरीय जैवतंत्रज्ञान केंद्र आहे. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेने शेतातल्या काडीकचऱ्यापासून इथेनॉल बनवण्याचं तंत्र विकसित केलं आणि त्यावर आधारित प्रात्यक्षिक प्रकल्प २०१६ मध्ये उत्तराखंडात काशीपूरला उभा राहिला.

तपासणी होते कशी?

केळीत मुख्यतः चार विषाणू तपासतात: सीएमव्ही, पर्णगुच्छ (बंची टॉप), ब्रॅक्ट मोझॅक आणि स्ट्रीक. पद्धती दोन.

पहिली एलायझा. पानाचा तुकडा वाटून त्याचा रस ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकतात. खळग्यात त्या विषाणूला नेमकी पकडणारी प्रतिपिंडं असतात. विषाणू असेल तर तो अडकतो आणि शेवटचं द्रावण टाकल्यावर रंग येतो. एका वेळी बरेच नमुने होतात, खर्चही कमी. पण रोपात विषाणू अगदी थोडा असेल तर एलायझाला तो न दिसण्याची शक्यता असते.

दुसरी पीसीआर. कोरोनात नाकात काडी घालून जी आरटी-पीसीआर व्हायची, तीच पद्धत. विषाणूच्या जनुकीय साखळीचा एक तुकडा यंत्रात लाखो पटीने वाढवून पाहतात, त्यामुळे अगदी थोडा विषाणूही सापडतो. सीएमव्ही हा आरएनए विषाणू असल्याने त्याला आरटी-पीसीआरच लागते.

तिसरी तपासणी रोगाची नसून वाणाची असते. एका कोंबापासून फार वेळा कोंब काढत गेलं तर वेडीवाकडी, खुजी किंवा वेगळ्या पानाची रोपं निघू लागतात. म्हणून साधारण आठ फेऱ्यांपुढे जाऊ नये, असं सांगितलं जातं. रोपाचा डीएनए मातृझाडाशी जुळवून पाहिला की ग्रँड नैन म्हणून दिलेलं रोप आईसारखंच आहे की नाही, हे कळतं.

अहवालाची हद्द

इथेच बहुतेकांची गल्लत होते. बॅचमधलं प्रत्येक रोप तपासलं जात नाही, नमुने तपासतात. आणि अहवाल त्या नमुन्याचा, त्या तारखेचा असतो. बाटलीत स्वच्छ निघालेलं रोप पुढे कित्येक आठवडे हार्डनिंगला असतं. शेडनेट फाटकी असेल, शेजारी काकडी, भोपळा, मिरची किंवा तण असेल, तर मावा तिथेही पोचतो.

सीएमव्ही हजाराहून अधिक जातींच्या झाडांवर राहू शकतो आणि कपाशीवरचा मावाही तो पसरवतो. रोगट पानावर सोंड टोचल्यावर मावा काही सेकंद-मिनिटांतच विषाणू उचलतो आणि तितक्याच झटपट दुसऱ्या रोपाला देतो. फवारणीने मावा मरतो, पण मरण्याआधी त्याचं काम झालेलं असतं. म्हणून नुसत्या फवारणीवर भिस्त ठेवून चालत नाही.

तात्पर्य, ‘व्हायरस-फ्री’ याचा अर्थ तपासणीच्या दिवशी नमुन्यात ते ठरावीक विषाणू सापडले नाहीत, इतकाच. पुढे रोग येणारच नाही, असा तो दाखला नाही. शेतकरी आणि कंपनीच्या भांडणात त्यामुळे दोघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं असू शकतं.

बुकिंगच्या वेळी काय विचारावं?

– बॅच नंबर कोणता? त्याच बॅचचा अहवाल आहे का? जुन्या किंवा दुसऱ्या बॅचचा कागद चालत नाही.
– कोणते विषाणू तपासले, कोणत्या पद्धतीने, कोणत्या तारखेला, कोणत्या प्रयोगशाळेत?
– प्रमाणपत्राचं लेबल आहे का?
– हार्डनिंग कुठे झालं? शक्य असेल तर शेडनेट स्वतः जाऊन पाहावं.
– पक्कं बिल घ्यावं आणि त्यावर बॅच नंबर लिहून घ्यावा. उद्या तक्रार करायची वेळ आली तर हाच कागद कामी येतो.

रोपं उतरवताना लेबलसह फोटो काढून ठेवावेत. लागवडीनंतर संशयित रोपं दिसली तर सगळी उपटून टाकण्याआधी कृषी सहायक, पाल येथील कृषी विज्ञान केंद्र किंवा जळगावच्या केळी संशोधन केंद्राला कळवावं. पट्टे पडलेलं कोवळं पान कागदात गुंडाळून, थंड ठेवून लवकरात लवकर पोचवावं. पान कुजलं की त्यातला विषाणूचा पुरावाही बिघडतो.

आणि बागेच्या कडेला काकडीवर्गीय वेल किंवा मिरची लावली असेल, धुऱ्यावर तण माजलं असेल, तर कंपनीला जाब विचारण्याआधी तेही एकदा पाहून घ्यावं. प्रयोगशाळेने रोप स्वच्छ दिलं तरी ते स्वच्छ ठेवायचं काम शेताच्या बांधावरच होतं.