दहा वर्षे नेमकी कशाची?

"तुमची सवलत दहा वर्षांपुरतीच होती, ती कधीच संपली." हे वाक्य कचेरीत, लोकलमध्ये, कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकले असेल. चांगली शिकलेली माणसेही असे बोलतात, आणि आपली मुले ऐकून घेतात. बंधू-भगिनींनो, याचे उत्तर घटनेतच आहे.

दहा वर्षांची मुदत 334 व्या कलमात आहे आणि ती लोकसभा-विधानसभेतील राखीव जागांना आहे. नोकऱ्यांचे आरक्षण 16(4) मध्ये, शिक्षणाचे 15(4) मध्ये. तेथे मुदतीचा शब्दही नाही. राखीव मतदारसंघांची मुदत 1960 साली संपायची होती. 1959 च्या आठव्या दुरुस्तीपासून ती सात वेळा वाढवली गेली. शेवटची वाढ 2019 च्या 104 व्या दुरुस्तीने झाली, ती जानेवारी 2030 पर्यंत.

अशी दुरुस्ती सोपी नाही. दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यांचे बहुमत लागते, शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश. लोकसभेत 543 जागा धरल्या तर निदान 272 मते हवीतच. सगळ्यांनी मतदान केले तर 362. काही कलमांसाठी निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची मान्यताही लागते. 2019 च्या दुरुस्तीला ती घेतली होती.

मग दुरुस्ती करायची कशाला? 15(4) चेच पाहा. ते मूळ घटनेत नव्हते. मद्रास राज्यात वैद्यकीय आणि इंजिनिअरिंग कॉलेजच्या जागा जातवार वाटल्या जात. चंपकम दोराईराजन खटल्यात सुप्रीम कोर्टाने एप्रिल 1951 मध्ये तो हुकूम रद्द ठरवला. जूनमध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि 15(4) आले. घटना लागू होऊन दीड वर्षही झाले नव्हते. बाबासाहेब कायदामंत्री होते. (त्याच दुरुस्तीने भाषणस्वातंत्र्यावर जादा बंधनेही आली, हेही सांगितले पाहिजे.) पुढे 1992 च्या मंडल निकालाने बढतीतील आरक्षणाला मनाई केली, तेव्हा 1995 च्या 77 व्या दुरुस्तीने 16(4अ) घातले गेले. रेल्वेतल्या, पोस्टातल्या आपल्या माणसांना याचे मोल वेगळे सांगायला नको.

संसदेच्या या अधिकारालाही मर्यादा आहे. 1973 साली केशवानंद भारती खटल्यात 13 न्यायाधीशांपैकी 7 जणांच्या बहुमताने ठरले, की दुरुस्ती करता येईल, पण घटनेचा मूळ ढाचा मोडता येणार नाही.

आता आपल्या घरातली गोष्ट. 1990 साली बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या, ती घटनादुरुस्ती होती असे पुष्कळजण समजतात. तसे नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आधी मुख्यतः हिंदू होते, 1956 साली शीख आले आणि 1990 साली बौद्ध. हा बदल 341 व्या कलमाखाली साध्या कायद्याने झाला. त्याला दोनतृतीयांश लागत नाहीत, राज्यांची मान्यता लागत नाही. साध्या बहुमताने जे आले, ते साध्या बहुमताने बदलताही येते. घटना बदलण्याची चर्चा निघाली की आपण सभा घेतो, मोर्चे काढतो. अशा साध्या विधेयकांकडे मात्र आपले लक्ष नसते.