रंग भरण्याआधीचा स्पायडर-मॅन

लहानपणी सुट्टीत भाड्याने आणलेली कॉमिक्स आठवतात? दुसऱ्या दिवसाचं भाडं पडू नये म्हणून आपण ती एका दमात संपवायचो. मारामारी झाली, गोष्ट कळली, की पुढचं पुस्तक. चित्र कोणी काढलंय हे वाचायला कोण थांबतंय? मीही कधी थांबलो नाही. मग मोठं झाल्यावर एकदा स्पायडर-मॅनच्या पहिल्या गोष्टीच्या मूळ पानांची छायाचित्रं पाहण्यात आली आणि त्यातल्या एका पानावर मी अर्धा तास अडकून बसलो. गोष्ट तर पाठच होती. अडकलो ते त्या पानावर दिसणाऱ्या कामामुळे.

मूळ पान म्हणजे काय, ते आधी सांगतो. आपण विकत घेतो ती छापील प्रत. अशा हजारो प्रती निघतात. मूळ पान मात्र एकच असतं, जाड ड्रॉइंग पेपरवर हाताने काढलेलं. 1962 च्या सुमारास अमेरिकेत हे पान छापील पानाच्या साधारण दुप्पट लांबी-रुंदीचं असे. चित्रकार आधी पेन्सिलने चौकटी आणि आकृत्या मांडायचा. मग अक्षरं काढणारा वेगळा कलाकार फुग्यांमधले संवाद शाईने लिहायचा. त्यानंतर पेन आणि ब्रशने चित्रावर शाई चढायची, पेन्सिल खोडली जायची, चुकलेल्या जागी पांढरा रंग लागायचा. या पानाचा फोटो लहान करून छपाईची प्लेट बनायची. रंग मूळ पानावर नसतच. ते वेगळ्या प्रतीवर ठरवले जात आणि थेट छपाईत उतरत. म्हणजे आपल्या ओळखीचा लाल-निळा पोशाख मूळ पानावर निव्वळ काळा-पांढरा आहे.

ज्या अंकात स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला, तो ‘अमेझिंग फँटसी’चा 15 वा अंक. ऑगस्ट 1962, किंमत 12 सेंट, आणि त्या मासिकाचा हा शेवटचाच अंक. संपादक आणि लेखक स्टॅन ली, चित्रकार स्टीव्ह डिट्को. अंकात एकूण चार कथा, 24 पानं. त्यातली पहिली 11 पानं स्पायडर-मॅनची. मुखपृष्ठासाठी डिट्कोने काढलेलं चित्र नाकारलं गेलं. ते जॅक कर्बीकडून नव्याने काढून घेतलं आणि शाई चढवायला पुन्हा डिट्कोकडेच आलं. आतली पानं मात्र पेन्सिलपासून शाईपर्यंत डिट्कोच्याच हातची आहेत.

आता ती बघायची कशी? माझी पद्धत सांगतो. आधी संवाद वाचायचेच नाहीत. फक्त काळा रंग कुठे आहे ते बघायचं. पहिल्याच पानावर एका बाजूला चष्मेवाला पीटर एकटा उभा आहे, दुसऱ्या बाजूला त्याला हसणारी पोरांची टोळी आहे आणि मागच्या भिंतीवर कोळ्याच्या जाळ्यासकट एक मोठी सावली पडली आहे. हा मुलगा पुढे काय होणार आहे, ते सावलीने सांगून टाकलं. छापील अंकात रंगांच्या गर्दीत आपण सरळ पुढे जातो. काळ्या-पांढऱ्यात मात्र नजर आधी त्या सावलीवर जाते, मग पीटरच्या पडलेल्या खांद्यांवर येते.

दुसरी गोष्ट, हात बघायचे. कोळी धाग्यावरून खाली येतो, किरणांच्या मधोमध सापडतो आणि मरता मरता पीटरच्या हाताला चावतो. हात ही डिट्कोची खासियत. पुढे जाळं सोडताना मधली दोन बोटं दुमडून टोकाची दोन ताठ ठेवण्याची जी लकब जगभरातल्या पोरांनी उचलली, तीही त्याच्याच चित्रांतून आली. याला कारण आहे. स्पायडर-मॅनचा मुखवटा पूर्ण चेहरा झाकतो. ओठ नाहीत, भुवया नाहीत. मग राग, भीती, अपराधीपणा दाखवायचा कुठे? बोटांत, पाठीत, गुडघ्यांत. गोष्टीच्या शेवटच्या चौकटीत चेहरा दिसत नाही. अंधारात विरत जाणारी एक बारीकशी आकृती दिसते, आणि तेवढ्यावरच आपल्याला सगळं कळतं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त आवडते. चौकटीच्या बाहेर, समासात बघायचं. छापताना समास कापला जातो, त्यामुळे तिथे लिहिलेलं वाचकापर्यंत कधीच पोहोचत नाही. कोळी चावल्यानंतर पीटर भोवळ आल्यासारखा रस्त्यावर येतो आणि एक गाडी त्याच्या अंगावर येते. त्या प्रसंगापाशी लीने डिट्कोसाठी सूचना लिहिली आहे. गाडी बंद टपाची कर, बाहेर हात लोंबकळताना नकोत, बेफाम गाडी हाकताहेत असं वाटायला नको, असा तिचा आशय. 1954 पासून अमेरिकेतल्या कॉमिक्सवर कॉमिक्स कोडची मोहोर लागत असे आणि मुलांसमोर काय जावं याची कडक नियमावली होती. अशा काळात संपादक सावध असणारच. पण मजा बघा. छापील अंकात आहे ती नुसती एक गाडी. मूळ पानावर त्या गाडीमागची चर्चा आहे.

आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवतो: कोणी केला, कधी केला, कशासाठी केला. हे पान तसंच आहे, फक्त सगळ्या नोंदी एकाच कागदावर एकमेकींवर चढलेल्या. खोडलेल्या पेन्सिलची पुसट रेघ, पांढऱ्या रंगाचा थर, संपादकाचं अक्षर. ज्या गोष्टी आपण चूक म्हणून लपवतो, त्यांच्याचमुळे हे पान जिवंत वाटतं. या नायकाला आज साऱ्या जगात ओळखतात. तोही एका टेबलावर असाच खोडून, दुरुस्त करून तयार झाला.

पण ज्या हातांनी ही पानं काढली, त्यांच्याकडे ती राहिली का? त्या काळी बहुतेक नाही. चित्रकाराला पानामागे पैसे मिळत आणि पान प्रकाशकाकडे जमा होई. प्लेट झाली की त्याचं काम संपलं. अशी किती तरी पानं गहाळ झाली. 1970 च्या दशकात मोठ्या प्रकाशकांनी नवी पानं चित्रकारांना परत द्यायला सुरुवात केली, पण जुन्या पानांसाठी झगडावं लागलं. जॅक कर्बीने मार्व्हलसाठी दहा हजारांहून अधिक पानं काढली होती. 1980 च्या दशकात मोठा वाद झाला, सहकलाकार जाहीरपणे त्याच्या बाजूने उभे राहिले, तेव्हा कुठे 1987 मध्ये त्याला सुमारे 2,000 पानं परत मिळाली.

आणि आज त्याच कागदांना सोन्याचा भाव आहे. 1984 च्या ‘सीक्रेट वॉर्स’च्या 8 व्या अंकातलं, माइक झेकने काढलेलं, स्पायडर-मॅनच्या काळ्या पोशाखाचं एक पान जानेवारी 2022 मध्ये लिलावात 33 लाख 60 हजार डॉलरला गेलं. रुपयांत सुमारे 25 कोटी. एक पान! ही रक्कम जाते ती पान ज्याच्या मालकीचं आहे त्याला. अशा फेरविक्रीत चित्रकाराला वाटा मिळेल, असा देशभर लागू होणारा कायदा अमेरिकेत नाही. आपल्याकडे 1957 च्या कॉपीराइट कायद्यात कलम 53अ आहे. चित्राचे हक्क मुळात चित्रकाराचेच असतील आणि मूळ चित्र दहा हजार रुपयांच्या वर पुन्हा विकलं गेलं, तर त्याला त्यात वाटा मागता येतो. चित्रकला शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला ही गोष्ट माहीत असायला हवी.

म्हणूनच ‘अमेझिंग फँटसी’च्या त्या 24 पानांचं पुढे जे झालं, ते मला फार मोठं वाटतं. 2008 मध्ये कोणीतरी ती सगळीच्या सगळी वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकली, तेही नाव न सांगता. त्याच अंकाची एक छापील प्रत 2021 मध्ये 36 लाख डॉलरला विकली गेली. मग मूळ पानांचे किती आले असते, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा. त्या माणसाने पानं सुटी करून विकली असती, तर ती चोवीस तिजोऱ्यांत गेली असती. आज ती एकत्र आहेत आणि अभ्यासकांना बघता येतात.

आपल्याकडे काय? नागराजचे सुरुवातीचे अंक काढणाऱ्यांत प्रताप मुळीक होते. अमर चित्र कथेचे कितीतरी अंकही त्यांच्याच हातचे. हिंदी मुलखात वाढलेल्या आपल्यातल्या अनेकांनी ते अंक वाचले आणि या नायकामागे एक मराठी हात आहे, हे आपल्याला ठाऊकही नव्हतं. पुढच्या वेळी जुनं कॉमिक हाती आलं, तर आधी चित्रकाराचं नाव शोधा.

आणि घरात बघा. दिवाळी अंकासाठी चित्रं काढणारे काका, साइनबोर्ड रंगवणारे आजोबा, वहीच्या मागच्या पानावर हीरो काढणारी भाची, कोणी ना कोणी असतंच. त्यांचे मूळ कागद रद्दीत जाऊ देऊ नका. लॅमिनेशन करू नका, कारण ते पुन्हा निघत नाही. सेलोटेप लावू नका, तिचे पिवळे डाग कायमचे राहतात. आम्लविरहित कागदात गुंडाळून, घडी न घालता, ऊन आणि ओल लागणार नाही अशा जागी सपाट ठेवा. चांगला स्कॅन काढा आणि मागे पेन्सिलने नाव, वर्ष लिहून ठेवा. भाचीने काही खोडून पुन्हा काढलं असेल, तर तिला “वही घाण केलीस” म्हणू नका. डिट्कोचं पानही तसंच दिसतं.