रविवारची मिस्सा

काजूच्या कारखान्यातील बायांची सभा आम्ही कित्येक वर्षे रविवारी सकाळी नऊला लावीत होतो. कारण उघड होते : तो सुट्टीचा दिवस. ख्रिस्ती बाया मात्र या सभेला हटकून गैरहजर असत आणि आम्हीही त्यांना भर सभेत कामचुकार ठरवून मोकळे होत असू. अखेर त्यांच्यातील एका वयस्क बाईने आम्हांस सुनावले, "भाऊ, आमची मिस्सा त्याच येळार असता. एकदा येवन बघा, मगे बोला."

आम्ही गेलो. मोर्चे, घेराव, लाठीमार सारे पाहिलेला माणूस; पण इगर्जीच्या दाराशी पाऊल अडखळले. चपला काढाव्यात की नाहीत? कोठे बसावे? श्रोत्यांपैकी पुष्कळांची हीच अडचण असेल, म्हणून हा प्रपंच.

प्रथम एक फरक ध्यानात घ्यावा. येथील भालचंद्र महाराजांच्या मठात आपण सवडीने जातो, दर्शन घेतो आणि निघतो. मिस्सा ही ठरल्या वेळी, सर्वांनी मिळून करावयाची गोष्ट आहे. ती साधारण तासभर चालते. उशीर झाला तर मागच्या बाकावर बसावे. कोणी हटकीत नाही. दाराशी चपलांचा ढीग दिसला तर आपल्याही काढाव्यात, नाहीतर तसेच आत जावे. मंडळी उठली की उठावे, बसली की बसावे. ती गुडघे टेकतात तेव्हा पाहुण्याने स्वस्थ बसून राहिले तरी चालते.

सावंतवाडी, वेंगुर्ले, मालवण या बाजूचे ख्रिस्ती बहुतेक रोमन कॅथलिक. त्यांची मिस्सा पूर्वी लॅटिनमध्ये होत असे. व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ च्या धर्मपरिषदेनंतर लोकांच्या भाषेला वाट मिळाली, आणि आता मराठी-कोंकणी जाणणाऱ्यास सारे समजते.

आरंभी गाणे होते आणि मग सगळे आपापल्या चुका कबूल करतात. चूक धर्मगुरूही कबूल करतो, हे आम्हांस आवडले. आमच्या कार्यकारिणीत ही पद्धत नाही. नंतर बायबलमधील वाचने. पहिली बसून ऐकतात, शुभवर्तमानाचे मात्र उभे राहून. रविवारची वाचने तीन वर्षांच्या फेऱ्याने ठरलेली असतात. आम्ही गेलो त्या रविवारी द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला आला : सकाळपासून राबलेल्याला आणि संध्याकाळी तासभर आलेल्याला मालकाने सारखीच मजुरी दिली. आमच्या डोक्यात लगेच दरपत्रक फिरू लागले! फादरांनी प्रवचनात सांगितले की शेवटी आलेला आळशी नव्हता, त्याला दिवसभर कोणी कामावर घेतलेच नव्हते. कामाच्या शोधात नाक्यावर ताटकळलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही.

यानंतर श्रद्धेचा उच्चार, सर्वांसाठी प्रार्थना आणि दान. दानाची थैली समोर आली तर घालावे वाटल्यास घालावे, सक्ती नाही.

खरी जपण्याची जागा पुढे आहे. भाकर आणि द्राक्षारस यांवर प्रार्थना होते, कित्येक ठिकाणी घंटा वाजते, सारे गुडघ्यांवर असतात. मग प्रभूची प्रार्थना होते आणि शेजारी शेजाऱ्याला हात जोडून शांती चिंतितो. आपणही हात जोडावेत. त्यानंतर लोक रांगेने पुढे जाऊन भाकरीची पातळ पांढरी चकती घेतात. प्रसादाला नाही म्हणू नये, हे आपल्या हाडीमांसी भिनलेले. म्हणून आम्हीही उठलो. त्या बाईने हळूच बाही धरून बसविले. बाप्तिस्मा घेऊन तयारी झालेल्या कॅथलिकालाच ती घेता येते, कारण त्यांच्या श्रद्धेने ती साधी भाकर उरलेली नसते, प्रभूचे शरीर असते. यात पाहुण्याचा अपमान नाही.

त्या रांगेत काजू सोलणारी बाई पुढे होती आणि कारखान्याचा मुकादम तिच्या मागे. म्हणून जात चर्चच्या दाराबाहेरच राहिली, असे कोणी समजू नये. शेजारच्या गोव्यात चर्चमधील बंधुसंघांचे मानही पिढ्यान् पिढ्या जातीने वाटले गेले होते.

घाटावर, कोल्हापूर-अहिल्यानगरकडे, प्रॉटेस्टंट मंडळ्या अधिक. तेथे 'उपासना' म्हणतात, प्रवचन लांबते, आणि प्रभुभोजन अनेक मंडळ्यांत दर रविवारी नसते. गाणी मात्र अगदी आपल्या कानाची, अभंग नि भजनाच्या चालींची. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी १८६१ साली जन्मलेले नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि त्यांनी हा ठेवा मराठी उपासनेत आणला.

गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या झगड्याने मिळाली. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी मालकांस सांगितले होते. लोखंड्यांचे नाव आम्ही प्रत्येक सभेत घेतो, आणि त्यांनी मिळवून दिलेला तो दिवस आम्हीच या बायांकडून मागत होतो.

मिस्सा संपल्यावर त्या पायऱ्यांवर उभ्या होत्या. कोणाचा बोनस थकलेला, कोणाच्या भविष्यनिर्वाह निधीचा भरणा नाही. "आता बोला, भाऊ," वयस्क बाई म्हणाली. वही काढून आम्ही तेथेच नावे उतरून घेतली. सभा आता रविवारी दुपारी चारला असते.