वीस पौंडांचा मासा



मागच्या महिन्यात वर्गात 'सुट्टीत काय केलं?' या विषयावर प्रत्येकाने पाच वाक्यं बोलायची होती. आमची धाकटी म्हणाली, "आम्ही नदीवर गेलो. मी मोठा मासा पकडला. बाबांनी त्याचं वजन केलं. मग आम्ही तो सोडून दिला. बाबा रडवेले झाले." सगळा वर्ग हसला, आणि बाईंनी आम्हाला या पानांसाठी चार शब्द लिहायला सांगितले. रडवेले वगैरे आम्ही झालो नव्हतो, हे आधी नमूद करतो. पण वजनाचा मामला मात्र घडला होता.

गळ टाकून मासे पकडण्याला कोकणात 'गरवणं' म्हणतात. छंद म्हणून गरवणं ही काही साहेबाने आपल्याला शिकवलेली गोष्ट नव्हे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' नावाचा मोठा संस्कृत ग्रंथ लिहिला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये 'मत्स्यविनोद' आहे. कोणता मासा कुठे राहतो, त्याला काय खायला घालावं, गळ आणि दोरा कसा असावा, हे सगळं त्यात सांगितलं आहे. आजच्या मुंबईतही पवई तलावावर गळवाल्यांची जुनी संस्था आहे.

इंग्लंडमध्ये मात्र गोड्या पाण्यातल्या माशांचे दोन वर्ग पडले. सामन आणि ट्राउट हे खानदानी, बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. या जाड्याभरड्यांत मोठा मान कार्प माशाचा. आपल्या रोहू-कटलाच्या घराण्यातलाच तो. महाराष्ट्रात धरणांच्या तलावांवर कोळी त्याला 'सायप्रिनस' म्हणतात. आपला महसीरही त्याच कुळातला. एकोणिसाव्या शतकात युरोपातून खाण्यासाठी म्हणून कार्प इकडे आणला गेला, इथल्या तळ्यांत-नद्यांत पसरला, आणि पुढे लोक त्याला कचरा म्हणू लागले. परदेशातून बोलावून आणलेल्याला नंतर नाव ठेवायचं, हे आपल्याला नवीन नाही.

आता वजनाकडे येऊ. ब्रिटनमधले कोर्स मासेमार प्रत्येक जातीसाठी एक लक्ष्यवजन ठरवतात. रोच नावाचा छोटा चंदेरी मासा दोन पौंडांचा मिळाला तर जन्माचं सार्थक. कार्प दहाचा झाला की पहिली पायरी, मग वीस, मग तीस. आपण आजवर पकडलेला सर्वांत जड मासा म्हणजे आपला स्वतःचा विक्रम, आणि तो मोडण्यासाठी माणसं वर्षानुवर्षं एकाच तळ्याकाठी तंबू ठोकून बसतात.

यातला गाजलेला किस्सा रिचर्ड वॉकर यांचा. १९५२ च्या सप्टेंबरात रेडमायर नावाच्या लहानशा तळ्यात त्यांनी ४४ पौंडांचा कार्प पकडला. आदल्या वर्षीचा विक्रम ३१ पौंडांचा होता. तो मासा जिवंत लंडनच्या प्राणिसंग्रहालयात गेला, लोकांनी त्याचं नाव क्लॅरिसा ठेवलं, आणि १९७१ पर्यंत तो तिथल्या टाकीत राहिला. वॉकर स्वतः इंजिनिअर. आम्हाला ते आवडण्याचं एक कारण हेही असावं.

दुसरा किस्सा जास्त विचार करायला लावतो. केंट परगण्यातल्या कॉनिंगब्रुक तळ्यात 'टू-टोन' नावाचा कार्प होता. २००८ साली तो ६७ पौंड १४ औंस भरला, तेव्हा तो ब्रिटनचा विक्रम झाला. पण त्याच माशाला त्याआधीही वेगवेगळ्या लोकांनी पकडून, तोलून, सोडलं होतं. २०१० साली तो मेला. म्हणजे कित्येकांच्या वहीत 'माझा सर्वांत मोठा मासा' म्हणून एकच मासा लिहिलेला आहे! मग ते वजन कोणाचं? पकडणाऱ्याचं, माशाचं, की त्याला पोसणाऱ्या तळ्याचं? आमच्या मते निम्म्याहून अधिक तळ्याचं. भरपूर खाणं असलेल्या पाण्यातला पंचवीस पौंडी मासा आणि थंड, भुकेल्या तळ्यातला आठ पौंडी मासा यांची तुलना करणं म्हणजे दोन वेगळ्या शाळांतले मार्क शेजारी ठेवणं. शिवाय वसंताच्या अखेरीस मादी अंड्यांनी भरलेली असते, तेव्हा तीच मादी जास्त भरते.

मुलांनो, इथे थोडं गणित. बर्फीची एक वडी घ्या. तिची लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही दुप्पट केली, तर नवी वडी दुप्पट नाही, आठपट जड होते. माशाचंही तेच. म्हणून मासेमारांनी एक ढोबळ सूत्र काढलं आहे: लांबी × घेर × घेर ÷ ८००. मापं इंचांत घ्यायची, उत्तर पौंडांत येतं. घेर म्हणजे पोटाभोवतीचं सगळ्यात जाड ठिकाणचं माप. २० इंच लांब आणि १४ इंच घेराचा कार्प सुमारे ४.९ पौंड. तीच ठेवण असलेला ३० इंची मासा, म्हणजे घेर २१, साडेसोळा पौंडांच्या वर. लांबी दीडपट, वजन तिपटीहून जास्त. त्यामुळे दहावरून वीस पौंडांवर जायला मासा दिसायला फारसा वाढलेला नसतो, आणि 'डोळ्यांनी वीसचा वाटला' या वाक्यावर कधी विश्वास ठेवू नये. (कॅनडात सगळं किलोत झालं तरी मासेमार पौंडच बोलतात. एक पौंड म्हणजे ४५४ ग्रॅम, आणि १६ औंस.)

तर आमची गोष्ट. आम्ही व्यवसायाने संगणकाचे कार्यक्रम लिहितो, आणि आमच्यासारख्या माणसाच्या हाती छंद लागला की त्याचा तक्ता होतो. आमचाही झाला. घरातल्या प्रत्येकापुढे लक्ष्यवजन: आमचं पंचवीस, मोठ्या मुलाचं दहा, धाकटीचं पाच. मुलगा तेव्हा अकरा वर्षांचा. त्याने एका संध्याकाळी एकट्याने, कोणाची मदत न घेता, साडेनऊ पौंडांचा कार्प काठाला आणला. आम्ही काटा वाचला आणि म्हणालो, "अरेरे, अर्ध्या पौंडाने हुकलं." पुढच्या शनिवारी त्याचा घसा दुखत होता. त्याच्या पुढच्या शनिवारी गृहपाठ होता. असे दोन उन्हाळे गेले. तक्त्यातला त्याचा रकाना तसाच राहिला, आणि तो कशामुळे रिकामा आहे हे आम्हाला कळायलाही बराच वेळ लागला.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही लाँग सो इथे गेलो. टोरांटोहून ४०१ महामार्गाने पूर्वेला, कॉर्नवॉलच्या थोडं अलीकडे. ही जागा आपल्या लोकांनी एकदा तरी पाहावी. सेंट लॉरेन्स नदीवर जलमार्ग आणि वीजधरण झालं तेव्हा १ जुलै १९५८ रोजी इथे पाणी सोडलं, आणि काठची खेडी बुडाली. सुमारे ६,५०० माणसांना उठून दुसरीकडे जावं लागलं. जुने रस्ते आजही सरळ पाण्यात उतरताना दिसतात. मुळशी किंवा कोयनेच्या धरणात ज्यांचं गाव गेलं, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. या उथळ, उबदार पसरट पाण्यात कार्प चांगले पोसतात, वीस पौंडांचे सहज असतात, आणि त्यांच्यासाठी ब्रिटनहून मासेमार विमानाने येतात. इथल्या कित्येकांना मात्र तो कचराच वाटतो.

मुलगा बरोबर होता, कारण त्या दिवशी घरी कोणीच नव्हतं. पुस्तक घेऊन झाडाखाली बसला होता. दुपारी धाकटीची काठी वाकली. वीस मिनिटं ती आणि मासा. आम्ही फक्त हातजाळं धरलं. ओल्या चटईवर मासा ठेवला, गळ काढला, लांबी मोजली ३१ इंच, घेर २२. मग झोळीत घालून काट्याला लावला. काटा म्हणाला वीस पौंड दोन औंस.

आम्ही अक्षरशः नाचलो. पाचचं लक्ष्य असलेल्या मुलीने वीस ओलांडले! मासा पाण्यात सोडला, शेपटीचा एक फटकारा, आणि गेला. वहीत लिहायला बसलो, तेव्हा झाडाखालून आवाज आला, "बाबा, सूत्राने पावणेएकोणीस येतंय."

सूत्र ढोबळ असतं, पौंडभराचा फरक पडायचाच, असं आम्ही म्हणालो. म्हणालो खरं, पण हात झोळीकडे गेला. काटा शून्यावर आणताना झोळी लावायची असते, तीही ओली करून. आम्ही रिकामाच काटा शून्यावर आणला होता. ओली झोळी तोलली: एक पौंड दहा औंस. वजा करा, मुलांनो. अठरा पौंड आठ औंस.

आता कबुली देतो. आमच्या मनात आलं की वीसच लिहावं. मासा गेला होता, झोळी वाळली असती, कोणाला कळणार होतं? धाकटीकडे पाहिलं. तिने विचारलं, "मग मासा बारीक झाला का?" मुलगा हसायला लागला, आणि दोन वर्षांत पहिल्यांदाच वही आमच्या हातून घेऊन त्यात काही लिहिता झाला. त्याने अठरा-आठ लिहिलं. खाली 'झोळी' असं लिहून आमच्या नावापुढे उणे एक पौंड दहा औंस टाकले.

हे सगळं घरी सांगितलं, तेव्हा मुलांची आजी इथे आलेली होती. मालवणची. तिने एकच प्रश्न विचारला: "सोडूचो व्हतो तर धरलंस कित्याक?" तिच्या बाजारात लहान मासा वजनावर विकतही नाहीत, वाट्यावर विकतात. बघायचं, हाताने उचलायचं, घासाघीस करायची. मोठा म्हणून चांगला हा विचार तिला परका. आणि गंमत म्हणजे ऑन्टारिओ सरकार तिच्याच बाजूने आहे. मासे खाण्याविषयी सरकारची एक मार्गदर्शिका असते. कोणत्या तळ्यातला, कोणत्या जातीचा, किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा, हे तिच्यात दिलेलं असतं. साधारणपणे मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका पारा आणि इतर विषारी द्रव्यं अंगात साठलेली, म्हणून खाण्याचे वेळा कमी. मुलांसाठी आणि बाळंतपणाच्या वयातल्या स्त्रियांसाठी नियम आणखी कडक. म्हणजे वहीत मिरवायचा मासा ताटात नको, आणि ताटातला वहीत शोभत नाही. शिवाय अंडी जास्त घालते ती मोठी मादी. आजीला हे पटलं, पण पकडण्याचं प्रयोजन काही पटलं नाही. गळ टोचल्याने माशाला त्रास होतो, हेही ती म्हणाली, आणि त्यावर आमच्याकडे पुरतं उत्तर नाही. आम्ही बिनकाट्याचा गळ वापरतो, हात ओले करून मासा धरतो, पाण्याबाहेर एखाद्या मिनिटापेक्षा जास्त ठेवत नाही. एवढंच.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड म्हणून डोह आहे. तिथले महसीर देवीचे मासे मानतात. लोक त्यांना खायला घालतात आणि कोणी गळ टाकत नाही. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एकाने कावेरीच्या खोऱ्यात १२० पौंडांचा महसीर पकडला होता, असा विक्रम सांगतात. वाळण कोंडातला सर्वांत मोठा किती पौंडांचा, हे विचारायचंच कोणाला सुचत नाही. आजी तिथे जाऊन आलेली आहे, आणि तिच्या तोंडून त्या माशांचं वर्णन ऐकताना आमची मुलं 'किती मोठे?' ऐवजी 'मग काय केलं त्यांनी?' असं विचारत होती, हे आमच्या लक्षात राहिलं.

तक्ता आम्ही फाडला नाही. फाडणं आमच्या स्वभावात नाही. पण लक्ष्याचा रकाना आता ज्याचा तोच भरतो. मुलाने वजन सोडून दिलं आहे. तो जाती मोजतो: सनफिश, पिवळा पर्च, मिशाळ बुलहेड, रॉक बास, सकर. पाच इंची सनफिशचे रंग त्याने वहीत पेन्सिलींनी काढले आहेत. आतापर्यंत नऊ जाती झाल्या. त्याचं लक्ष्य बारा, आणि ते त्याने स्वतः ठरवलं. धाकटीचं लक्ष्य 'बाबांपेक्षा मोठा', आणि ते पूर्ण झालेलं आहे, कारण आमचा सर्वांत जड मासा सतरा पौंडांचा. पंचवीस अजून आमच्या रकान्यात आहे. ते काढावंसं वाटत नाही. पहाटे चारला उठायला काहीतरी कारण लागतं.

ज्यांना एकदा करून पाहायचं आहे त्यांच्यासाठी: ऑन्टारिओत राहणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना मासेमारीचा परवाना काढावा लागत नाही, आणि ६५ वर्षांवरच्या आजी-आजोबांनाही नाही, ओळखपत्र जवळ असू द्यावं. मधल्या वयाच्या आईबाबांना लागतो. वर्षातून काही ठरावीक दिवस मात्र तेही विनापरवाना गरवू शकतात. नियम भागाभागाप्रमाणे बदलतात, तेव्हा जाण्याआधी त्या वर्षीची पुस्तिका पाहावी. आमिषाला डब्यातले मक्याचे दाणे उत्तम. नाहीतर कणीक आणि बेसन सारखं घेऊन त्यात गूळ आणि चिमूटभर हिंग घालावं, घट्ट मळावं आणि बोराएवढ्या गोळ्या कराव्या. उरलेली कणीक पोळ्यांच्या कणकेशेजारी फ्रिजमध्ये ठेवू नये. आमच्याकडे एकदा पाहुण्यांना वाढली गेली आहे.