वितंडवाद्याला विचारलेला प्रश्न

(लेखांक ९)

न्यायदर्शनातले सोळा पदार्थ मागच्या लेखात पाहिले, पण त्यांतल्या संशय आणि प्रयोजन या दोघांना मुद्दाम मागे ठेवले होते. तत्त्वचिंतन करायचे कशासाठी, या प्रश्नाला त्यांच्याशिवाय हात घालता येत नाही. या प्रश्नाचे उत्तर देताना आपल्याकडे बहुतेक जण थेट मोक्षापाशी पोचतात. गौतमाच्या पहिल्याच सूत्रात निःश्रेयस हे फळ सांगितले आहे, तेव्हा त्यात चूक काही नाही. पण इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या सुमारास या सूत्रांवर भाष्य लिहिणारा वात्स्यायन आधी एक अडचण उभी करतो.

संशय, दृष्टान्त, वाद, हेत्वाभास ही सगळी एक तर ज्ञानाची साधने आहेत, नाही तर ज्ञानाचे विषय. मग प्रमाण आणि प्रमेय एवढे दोनच पदार्थ सांगून भागले असते. उरलेले चौदा वेगळे कशाला मोजायचे? वात्स्यायन म्हणतो, ते चौदा वगळले तर हे शास्त्र उपनिषदांसारखी केवळ अध्यात्मविद्या होईल. यात उपनिषदांचा अनादर नाही. प्रत्येक विद्येचे स्वतःचे काम असते, आणि प्रत्यक्षातून व आप्तांच्या शब्दांतून जे हाती आले ते पुन्हा तपासणे हे या विद्येचे काम, एवढेच त्याला सांगायचे आहे. ज्याची काहीच कल्पना नाही त्याची तपासणी सुरू होत नाही. ज्याचा निर्णय झाला त्याला ती लागत नाही. जिथे संशय आहे तिथेच विचाराला जागा मिळते.

आणि मग येतो भाष्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. वितंडा करणारा, म्हणजे स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचा खोडत जाणारा माणूस, वात्स्यायनाच्या समोर उभा आहे. वात्स्यायन त्याला एकच विचारतो: तुझे प्रयोजन काय? त्याने प्रयोजन सांगितले, तर तोच त्याचा पक्ष झाला, तोच सिद्धान्त; वितंडा तिथेच संपली. काहीच प्रयोजन नाही म्हणाला, तर व्यवहारातला माणूस किंवा परीक्षक यांपैकी कुठल्याच रांगेत त्याला बसवता येत नाही. ‘समोरच्याच्या मतातले दोष दाखवतो, एवढेच’ असे म्हणाला तरी सुटका नाही. दाखवणारा, समजून घेणारा, दाखवण्याचे साधन आणि दाखवायची गोष्ट, ही चारही त्याने मान्य केलीच.

हा युक्तिवाद बिनतोड आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. आपली कुठलीच प्रतिज्ञा नाही, म्हणून आपल्यावर दोषही येत नाही, असे नागार्जुनाने ‘विग्रहव्यावर्तनी’त ठणकावून सांगितले होते. पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने विचारले की, वाद करण्यापूर्वी प्रमाणे खरोखर आहेत हे मान्य करायची गरजच काय? वादाचे नियम दोघांनी पाळले की पुरे. हे दोघे वात्स्यायनाच्या जाळ्यात सहज सापडणारे नव्हेत. तरीही नागार्जुनाला प्रयोजन विचारले असते, तर त्याच्याकडे उत्तर होते: मतांचा आणि कल्पनांचा पसारा शांत व्हावा. पक्ष नसेल, प्रयोजन होतेच. म्हणून वात्स्यायनाच्या प्रश्नाचा अर्धा भाग मला आजही अचूक वाटतो. तू विचार कशासाठी करतो आहेस, हे विचारायचा हक्क समोरच्याला आहे.

चर्चेचे तीन प्रकारही प्रयोजनावरूनच ठरतात. तत्त्व जाणून घेण्यासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी चालतो तो जल्प. त्यात शब्दच्छल चालतो, फसवे आक्षेप चालतात. वितंडेचे वर आलेच आहे. जल्प आणि वितंडा सूत्रकाराने टाकाऊ मानलेली नाहीत, हे पुष्कळांना माहीत नसते. कोवळ्या रोपांभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालतात, तशी ती ठरलेल्या तत्त्वाच्या राखणीसाठी आहेत, असे चौथ्या अध्यायात म्हटले आहे. आज टीव्हीवर रात्री चर्चा म्हणून जे दाखवतात, त्यात कुंपण तेवढे दिसते, आत पीक काहीच नसते, याचे मला मनापासून दुःख होते. वाद करायचा तो गुरूशी, शिष्याशी, सहाध्याय्याशी, ज्यांच्या मनात असूया नाही अशांशी. इतकेच नव्हे, तर स्वतःचा पक्ष न रेटता, केवळ जाणून घ्यायचे म्हणून दुसऱ्याकडे जावे आणि आपली दृष्टी शुद्ध करून घ्यावी, अशीही मुभा आहे. तत्त्वचिंतनाचे प्रयोजन म्हणून मला कोणी एकच गोष्ट विचारली, तर मी हीच सांगेन.

असा वाद आपल्या काळात आणि आपल्या पुण्यात घडला आहे. १९८३ साली मे. पुं. रेगे, दयाकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पारंपरिक शास्त्री-पंडितांना आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात तयार झालेल्या प्राध्यापकांना समोरासमोर बसवले. विषय होता बर्ट्रंड रसेलचे विधानाविषयीचे विचार, आणि ते पंडितांसमोर संस्कृतातून ठेवले गेले. खरे-खोटे ठरते ते विधान, असे रसेलच्या परंपरेत वाढलेला माणूस धरून चालतो. नैयायिकाच्या लेखी खरे किंवा खोटे असते ते कुणाला तरी झालेले ज्ञान. दोन्ही बाजूंनी आजवर न तपासलेले गृहीतक असे एकदम उजेडात आले. ही चर्चा १९९१ मध्ये ‘संवाद’ या नावाने ग्रंथरूपात आली. याच प्रयत्नांच्या ओघात बदरीनाथ शुक्ल या ज्येष्ठ नैयायिकांनी, देहाहून वेगळा आत्मा न मानता न्यायाची चौकट उभी राहू शकते का, याची सविस्तर मांडणी केली. आत्मा हे न्यायाच्या प्रमेयांतले पहिले प्रमेय. जन्मभर ज्या शास्त्राची सेवा केली, त्याच्या मूळ आधारालाच त्यांनी प्रश्न विचारून पाहिला, आणि तोही त्याच शास्त्राच्या परिभाषेत.

हे शक्य होते ते न्यायाच्या पंचावयवी वाक्यामुळे. प्रतिज्ञेपासून निगमनापर्यंतच्या त्या पाच पायऱ्या पुढच्या आठवड्यात पाहू.